दोन्ही बटणं एकदम

५ सप्टेंबर, मंगळवार. १५०/९०

ही वही सुनेनं दिली. ब्रांका दवाखान्यात नर्स आहे, म्हणून घरातही नर्सच. म्हणाली, "आई, रोज सकाळी मशीन लावायचं, आकडा लिहायचा आणि काय काय झालं तेही लिहायचं. म्हणजे डॉक्टरांना कळेल तुमचं प्रेशर कशानं चढतं."

मी म्हटलं, "कशानं चढतं ते मला वहीशिवाय ठाऊक आहे. ते आत्ता माझ्यासमोर उभं आहे."

ती हसली. तिला माझं बोलणं लागत नाही, ही तिची वाईट खोड.

मी चार इयत्ता शिकले. पाचवीला बहिणीला सांभाळायला घरी बसवली. लिहिता येतं, पण कधी लागलं नाही. काय झालं ते लिहायचं तर काही झालं नाही. लाल मिरच्या आल्यात बाजारात. अजून महाग आहेत, थांबायचं.

८ सप्टेंबर, शुक्रवार. १६५/९५

कोपऱ्यावरचं माझ्या नवऱ्याचं, मिलुतिनचं, बूट दुरुस्तीचं दुकान तो गेल्यापासून बंद आहे. आज मुलगा, दालिबोर, किल्ली मागायला आला. मला वाटलं भाड्यानं देतोय. तसं नाही. तिथे तो लहानपणीची खेळणी मांडणार आहे, लोकांना बघायला. म्हणे आमच्या पांचेवो शहरात असलं कुठे नाही. त्याच्या वयाची माणसं येतील, जुने खेळ खेळतील, डोळ्यांत पाणी येईल त्यांच्या.

अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा. बस चालवतो, डोक्यावर केस नाहीत, आणि आज दुकानाच्या फरशीवर फतकल मारून पत्र्याच्या रोबोटला किल्ली देत बसला होता. रोबोट दोन पावलं चालला आणि आडवा झाला. पोरगा असा हसला की मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, "हे सगळं होतं कुठे?"

"माळ्यावर. आत्यानं दिलेलं मी काहीच टाकलेलं नाही."

आत्या म्हणजे माझी नणंद दानित्सा. ऐन तारुण्यात जर्मनीला गेली, स्टुटगार्टला, कारखान्यात. लग्न नाही, मूल नाही. दर उन्हाळ्यात यायची, मधे खोकी पाठवायची. रबरी बटणांचा कॉम्प्युटर तिचा. हातात मावणारा, माकडानं केळी झेलायचा खेळ तिचा. डोळ्याला लावून चित्रं बघायची डबी, ठोकळे, रोबोट, सगळं तिचं. मी काय दिलं? नाश्ता दिला. नाश्ता कपाटात मांडता येत नाही.

हवा जड आहे, पाऊस येणार. आकडा त्यानं चढलाय.

१० सप्टेंबर, रविवार. १७०/१००

दुकानात मोठी पाटी लावलीय. "दानित्सा आत्याचं कपाट." आणि खाली तिचा फोटो, मोठा चष्मा, फुगवलेले केस, मांडीवर माझा मुलगा.

तो फोटो मी काढला होता. म्हणून मी त्यात नाही.

मी फक्त म्हटलं की पाटी तिरकी आहे.

पाऊस आला नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार. १६८/९८

ब्रांकानं वही वाचली. म्हणते, "आई, तुमचं प्रेशर दालिबोरच्या दुकानाच्या दिवशीच चढतं."

"दुकानापर्यंत चालत जाते ना मी. चढ आहे."

"पांचेवोत चढ कुठाय? सपाट ताट आहे सगळं."

म्हटलं, माझ्या पायांना विचार.

आता वही उशीखाली ठेवणार.

खरं लिहायचं तर लिहिते. दुरून डोंगर साजरे असतात, आणि डोंगर जर्मनीत असला की विचारूच नका. सासूला पक्षाघात झाला तेव्हा अंथरुणातून उचलायची मी, धुवायची मी, केस विंचरायची मी. आणि पोस्टमन खोकं घेऊन आला की सगळं घर उजळायचं. "दानित्सानं पाठवलंय." सासू तर त्या दोरीचंसुद्धा चुंबन घ्यायची. मी तिच्या पायाखालची गादी सरळ करत असायचे.

आता माझ्या नवऱ्याच्या दुकानात, त्याच्या हातोडीच्या जागी तिची पाटी.

मला एक तरी वस्तू हवी त्या कपाटात. माझ्या नावाची चिठ्ठी असलेली. एक.

१७ सप्टेंबर, रविवार. १५५/९०

सापडली. शिवणाच्या सामानामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात सहा कॅसेटी.

पुढे कोण वाचेल कोण जाणे, म्हणून सांगून ठेवते. त्या काळी कॉम्प्युटरचे खेळ रेडिओवर लागायचे. खरंच. रविवारी सकाळी निवेदक म्हणायचा, टेप तयार ठेवा, आणि मग पाच मिनिटं नुसती किरकिर, शिट्ट्या, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. म्हणे त्या आवाजात खेळ असतो. कॅसेटवर उतरवायचा, कॅसेट कॉम्प्युटरला लावायची, की खेळ आला. दालिबोर तेव्हा अकरा वर्षांचा. रविवारी बाप त्याला नदीवर मासे धरायला न्यायचा, सोडायचा नाही. मग पोरगा मला शिकवून गेला. "आई, दोन्ही बटणं एकदम दाबायची. एकच दाबलंस तर नुसतं ऐकू येतं, उतरत नाही. आणि आवाज करायचा नाही, श्वाससुद्धा हळू."

मी कोंबड्या खुराड्यात डांबायची, खिडक्या लावायची, घड्याळ उशीखाली घालायची. रेडिओसमोर माईक धरून बसायची, हात भरून यायचा. सूप करपलं तरी उठले नाही. दोन हिवाळे.

डबा दुकानात नेऊन दिला. दालिबोर बघतच राहिला. रोबोटला बघून हसला होता तसा नाही, वेगळाच. म्हणाला, "आई, तू ठेवल्यास?" आणि मला धरून हलवलं, माझी टोपी पडली. ह्यातली एक उद्घाटनाला सगळ्यांसमोर लावायची म्हणतोय. माझ्या नावाची चिठ्ठीही लिहिणार. "रेडिओवरचे खेळ. उतरवले रादोयकानं."

रस्त्यानं येताना शेजारणीला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

१८ सप्टेंबर, सोमवार. १८०/१०५

रात्रभर डोळा नाही. आनंदाच्या भरात विसरले की त्या कॅसेटी कुणाच्या.

ब्रांकानं एक जादा गोळी दिली आणि विचारलं काय झालं. म्हटलं काल बीन्स खाल्ले.

२३ सप्टेंबर, शनिवार. १७५/१००

लिहूनच टाकते. ही वही मी मेल्यावर वाचा.

दानित्सानं तो टेपरेकॉर्डर पाठवला होता तिच्या आईसाठी. सासूला वाचता येत नव्हतं. दानित्सा तिकडे बोलायची, कॅसेट पाकिटात घालून पाठवायची, सासू चुलीपाशी मांडीवर टेप घेऊन ऐकायची. बटण मी दाबून द्यायची. मग सासू म्हणायची, "आता तू जा बाहेर, माझ्या मुलीचं बोलणं आहे." मी अंगणात. खिडकीतून नुसतं गुणगुण ऐकू यायचं, आणि मधेच सासूचं हसू. आमच्याशी ती कधी हसली नाही.

मला खात्री होती, आत माझ्या चुगल्या चालल्यात.

त्या हिवाळ्यात बाजारात कोऱ्या कॅसेटी मिळत नव्हत्या. पोराचा खेळ रविवारी लागायचा होता. मी दानित्साची एक जुनी, ऐकून झालेली कॅसेट घेतली. दुसरीही ऐकून झालेलीच. पण पुढच्या चार तशा नव्हत्या. पोस्टमन पाकीट माझ्या हातात द्यायचा. सासू विचारायची, "दानित्साची कॅसेट आली नाही?"

मी म्हणायची, "नाही आली."

आणि रविवारी दोन्ही बटणं एकदम दाबायची.

सासू पुढल्या एप्रिलमध्ये गेली. शेवटपर्यंत विचारत होती.

पोराला खेळ मिळाला, हे मी स्वतःला सांगितलं. खेळ तरी मिळाला. माझ्यामुळे.

२९ सप्टेंबर, शुक्रवार. १७०/९५

हिवाळ्याच्या चटणीसाठी मिरच्या भाजल्या आज, तीस किलो. दालिबोर चुलीशी, मी सोलायला, ब्रांका बरण्या धुवायला. मी सहज म्हटलं, "ती कॅसेट परत दे मला. जुनी फीत आहे, तुटेल चारचौघांत, तुझी फजिती होईल."

"तुटली तर तुटली. आई, तुला एक सांगू? रागवू नकोस."

"आधी सांग, मग बघते."

"त्या कॅसेटींमधला एकही खेळ कधी चालला नाही."

माझ्या हातात मिरची तशीच राहिली.

"माईकनं उतरवल्यावर चालतच नाही ते," तो म्हणाला. "खोलीतला सगळा आवाज येतो त्यात. मधेच कोंबडी ओरडते, मग तू कोंबडीला 'गप्प बस, मेले' म्हणतेस. कॉम्प्युटर बिचारा तिथेच मान टाकायचा. खेळ मी वर्गातल्या रातकोकडून घ्यायचो, त्याच्याकडे चांगला रेडिओ होता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आम्ही नदीवर निघायचो तेव्हाच तू नटून बसलेली असायचीस. एप्रन काढून. सांगवेना."

ब्रांका म्हणाली, "आई, डोळ्यांना मिरची लागली का?"

"लागली."

एकही चालला नाही. सहाच्या सहा.

४ ऑक्टोबर, बुधवार. १७२/१००

दानित्सा आली. बसनं, अठरा तास, या वयात. सत्त्याहत्तरची आहे, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण केस अजून रंगवते. दारातच म्हणाली, "वहिनी, तू आटलीस गं."

"आणि तू फुगलीस. जर्मनीत हवा भरतात वाटतं फुकट."

"फुकट तिथे हवाही नाही."

मी पाहुण्याला देतात तसं चमचाभर गोड आणि पाणी पुढे केलं. तिनं गोड खाल्लं, चमचा पाण्यात बुडवला आणि घरभर नजर फिरवली. सासूची खाट होती तिथे आता टीव्ही आहे. तिकडे बघत राहिली. मग दालिबोरला द्यायला आणलेलं काढलं. पन्नाशीच्या पुरुषाला छोटी मोटार. डोळे ओले झाले त्याचे. मी दाढेखाली अक्रोड धरल्यासारखी दात दाबून बसले.

तिच्यासाठी पलंग केला. उशी तिला उंच लागते, ते मला अजून लक्षात आहे. वैताग.

६ ऑक्टोबर, शुक्रवार. १७८/१०२

दुकानात गेले, कुणी नसताना. उद्याच्या उद्घाटनाची कॅसेट कॉम्प्युटरशेजारी ठेवलीय. त्यावर दालिबोरनं लहानपणी खेळांची नावं लिहून कागद चिकटवला होता, तो एका कोपऱ्यात सुटलाय. खाली निळी शाई दिसते. दानित्साचं वळणदार अक्षर. "आईला. पाचवी."

घरून पिठाची खळ करून नेली, चिकटवला. बोटानं दाबून धरला, शंभर मोजले. मग वाटलं, फीतच ओढून बाहेर काढावी. बोट आत घातलंही.

पण शेजारी चिठ्ठी उभी होती. "उतरवले रादोयकानं." छापील अक्षरात, माझं नाव. माझं नाव छापील फक्त विजेच्या बिलावर येतं, तेही नवऱ्याच्या नावाखाली.

बोट काढलं.

८ ऑक्टोबर, रविवार.

मशीन लावलं नाही. कालचं लिहिते.

दुकान भरलं होतं. दालिबोरच्या शाळेतले सगळे टकले, पोटं सुटलेले, माकडाच्या खेळासाठी रांगेत भांडत होते. रातकोसुद्धा आला, दात नाहीत पण ठोकळे सोडेना. दानित्साला खुर्ची दिली पाटीखाली. मला तिच्या शेजारी. लोक तिचा हात हातात घेत होते.

मग दालिबोर म्हणाला, "आता माझ्या आईची करामत." कॅसेट लावली. टीव्हीवर रंगीत पट्टे आले, आणि ती किरकिर. सगळे टकले चूप, देवळात उभे राहावेत तसे. शेवटच्या खेळात कोंबडी ओरडली. आणि माझा आवाज, चाळिशीतला, तिखट. "गप्प बस, मेले, मान मुरगाळीन."

दुकान फुटलं हसून. दालिबोर वाकला माझ्यापुढे. टाळ्या पडल्या. मला. खोटं का बोलू, एवढं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं. दालिबोर बाटली काढायला आत गेला. टेप बंद करायचा राहिला.

किरकिर संपली. क्षणभर काही नाही. मग दानित्सा बोलायला लागली. माझ्या शेजारची नाही, टेपमधली.

"...तर आई, तू रादोयकावर ओरडत जाऊ नकोस. मी खोकी पाठवते. खोकी काय, दुकानदारच बांधून देतो. तुला उचलते ती. दालिबोरचं पत्र आलं. दोन पानं. आई कोंबड्या डांबते, आई घड्याळ उशीखाली घालते, आई श्वास घेत नाही. रोबोटबद्दल अर्धी ओळ, 'मिळाला'. जळले मी, खरं सांगते तुला. इथे रविवारी खिडक्या लावून हे बोलत बसते तेव्हा डांबायला कोंबडीसुद्धा नाही. ही कॅसेट वहिनीसमोर लाव, आई. तिला बाहेर पाठवू नकोस. वहिनी, ऐकतेस ना..."

तिथे फीत संपली. बटण खट्कन वर आलं.

लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दालिबोर बाटली घेऊन दारात उभा होता, त्याला कळलं असावं, कारण त्यानं बाटली उघडली नाही.

दानित्सानं माझ्याकडे बघितलं नाही. पर्समधून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला.

"किती?" तिनं विचारलं.

"सहा."

"आईनं ऐकलेल्या?"

"दोन."

ती म्हणाली, "आई पोस्टातून फोनवर यायची ना, मिलुतिन हातगाडीवर घालून न्यायचा. म्हणाली होती, तू मला विसरलीस. मी म्हटलं, पाठवतेय की. ती म्हणाली, लहानपणीसुद्धा तू खोटं बोलायचीस."

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला काहीतरी म्हणावं लागलं असतं.

घरी ती आधी गेली. मी दिलेली उशी दाराबाहेर जमिनीवर टाकलेली होती. दार आतून लावलेलं.

९ ऑक्टोबर, सोमवार. १६०/९०

ती बोलत नाही. बॅग भरून दाराशी ठेवलीय. बस बुधवारी आहे.

मी दुकानात गेले. छापील चिठ्ठी मी काढून टाकली आणि कोरी मागून घेतली. स्वतः लिहिली, चौथीतल्या अक्षरात, जीभ दातांत धरून.

"आवाज दानित्साचा. पुसला रादोयकानं."

दालिबोर म्हणाला, "आई, लोक वाचतील."

"त्याचसाठी लिहितात."

त्यानं काच बंद केली. कपाटात आता माझंही नाव आहे. हवं होतं ते.

संध्याकाळी दानित्सा फिरून आली. कोपऱ्यावरून आली म्हणजे दुकानावरूनच. कोट काढता काढता म्हणाली, "तुझं अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे."

दोन दिवसांतलं पहिलं नीट वाक्य.

"बाकीच्या पाच कुठायत?" तिनं विचारलं.

१० ऑक्टोबर, मंगळवार. १३५/८०

काय झालं ते. सकाळी दालिबोरकडून डबा आणला, टेपही आणला. स्वयंपाकघरात चुलीपाशी दोन खुर्च्या मांडल्या. मी बाहेर जाऊन तिन्ही कोंबड्या डांबल्या, खिडक्या लावल्या, घड्याळ उशीखाली घातलं. दानित्सा बघत होती. म्हणाली, "असं करायचीस?"

"असंच."

एकच बटण दाबलं.

बहुतेकींच्या शेवटी थोडं थोडं उरलंय. एकीत नुसता खोकला. एकीत बर्फ किती पडला. एकीत ती आईला एक गाणं म्हणून दाखवते आणि शब्द विसरते. ते दानित्सानं तीनदा लावायला लावलं, तिसऱ्यांदा विसरलेला शब्द तिनं स्वतः म्हटला. मी चुलीकडे बघत होते. चौथ्या कॅसेटीत काहीच उरलं नाही, शेवटपर्यंत कोंबड्या आणि मी.

शेवटचीत सापडलं. चाळीस वर्षांपूर्वीची दानित्सा म्हणते, "आणि आई, रादोयकाला सांग, सुपात मीठ घालत जा. उन्हाळ्यात मी आले तेव्हा गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं."

मी बटण दाबून टेप थांबवला.

"बघ," मी म्हटलं. "होत्या ना चुगल्या."

दानित्सा म्हणाली, "मग? अळणीच असायचं."

बस उद्याची होती. ती म्हणते पुढच्या बुधवारी जाईन. मी सूप टाकलंय. मीठ तीच घालणार आहे, माझ्यावर भरवसा नाही म्हणे.

आकडा १३५ आला. दोनदा लावलं. मशीन बिघडलंय बहुतेक, ब्रांकाला सांगायला हवं.